विमलच्या पाटाचा फोटो

दारव्ह्याच्या बाजार रस्त्यावर आमचं शिंप्याचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लावून नेमसिंगचं फोटोचं. मधली भिंत वर टिनापर्यंत पोचलीच नव्हती. त्या फटीतून त्याच्याकडच्या औषधांचा आंबट वास आमच्याकडे यायचा आणि आमच्या मशीनचा खडखडाट त्याच्याकडे जायचा. आमचं बोलणंही बरेचदा तिथूनच व्हायचं, एकमेकांची तोंडं न पाहता.

नेमसिंग बोरी अरबजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातला. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख फिरले. बाप बाबूसिंग जमीन कसू लागला. लहानपणी कसल्याशा तापात नेमसिंगचा डावा पाय वाळला. वखरामागे चालणं त्याला जमेना, म्हणून बापानं त्याला यवतमाळला एका फोटोवाल्याकडे ठेवून दिला. तिथं बरीच वर्षं काढून तो दारव्ह्याला आला आणि त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकांनी फोटोपुरता घालायचा एक काळा कोट माझ्या वडिलांनी त्याला शिवून दिला होता. आमच्या भागातले कितीतरी नवरदेव त्याच एका कोटात उभे आहेत. जाड्याला पुढून बटण लागत नसे आणि बारक्याच्या पाठीत टाचण्या माराव्या लागत.

त्याला एक मुलगी झाली होती. जावळ निघाल्याशिवाय लेकराचा फोटो काढायचा नाही, असं त्याची आई मानीबाई म्हणाली. नेमसिंग याडीच्या, म्हणजे आईच्या, शब्दाबाहेर नव्हता. जावळ निघायच्या आधीच पोरगी गोवरात गेली. त्याची बायको जमनी तेव्हापासून दुकानात पाय ठेवत नसे. भाकरीचं फडकं ती माझ्याकडे द्यायची, मी ते पलीकडे द्यायचो. फोटोवाल्याच्या घरी पोरीचा फोटो नाही, हे तो कधी बोलून दाखवत नसे. फक्त कोणी तान्हं लेकरू फोटोला आणलं की त्याचे हात नेहमीपेक्षा हळू चालायचे.

बोरीला सदाशिवराव नावाचे एक कुणबी शेतकरी होते. बऱ्यापैकी कपाशी आणि तूर पिकवणारे. त्यांना एकच मुलगा, पुंडलिक. त्याच्या लग्नात नेमसिंगनं फोटो काढला होता, त्याच काळ्या कोटात. नवरीचं नाव विमल. वर्षभरात त्यांना मुलगी झाली, सत्यशीला. पोरगी रांगायला लागली त्या पावसाळ्यात वखराची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, पुंडलिकच्या पायात घुसली. जखम साधीच वाटली. त्यानं हळद भरली आणि परत कामाला लागला. पुढे जबडा धरला, अंग धनुष्यासारखं वाकलं आणि तो गेला.

त्याची आई रुक्माबाई. तिनं भर बाजारात नेमसिंगच्या दुकानासमोर उभं राहून बोट दाखवलं होतं. "ह्या माणसानं फोटो काढला अन् माहा पोरगा खाल्ला!" मी मध्ये पडलो. पुढे कितीतरी दिवस बोरीच्या बाजाराला जाताना नेमसिंग सदाशिवरावांच्या घराची गल्ली टाळायचा.

म्हणून सत्तावन्न सालच्या माघात सदाशिवराव स्वतः दुकानात आले तेव्हा मला नवल वाटलं. मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होतो.

"नेमसिंग, घरी लगन आहे. फोटो काढाले येशीन का?"

"कोणाचं लगन, काकाजी?"

"विमलचं."

मी मशीन थांबवलं. विधवेचं दुसरं लग्न आमच्याकडे होत नाही असं नाही, पण त्याला लग्न म्हणत नाहीत, पाट म्हणतात. तो अंधारात लावायचा, वाजंत्री नाही, गावजेवण नाही. सकाळी उठून लोकांना कळावं की अमकी गेली. पाटाचा फोटो कोणी काढल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

नेमसिंगनंही हळू आवाजात तेच विचारलं असावं, कारण सदाशिवरावांचा आवाज चढला. "म्हणूनच उन्हात लावून राह्यलो! सून म्हणून आणली, पोरगी म्हणून देऊन राह्यलो. पोरीच्या लग्नात फोटो काढते ना लोक? मंग? चोरून नाही देल्ली, हे दिसलं पाहिजे."

"अन् काकूले चालन का मी आलेला?"

"तिचं मी पाहून घेतो."

पुढचं मी नेमसिंगच्याच तोंडून ऐकलं, एकदा नाही, कितीदा तरी.

ठरलेल्या दिवशी तो सकाळच्या बैलगाडीनं कॅमेरा, लाकडी स्टँड आणि काळं फडकं घेऊन बोरीला पोचला. दारी मांडव नव्हता. आंब्याचं डहाळंही कोणी बांधलं नव्हतं. वेचणीचे दिवस होते, ओसरीत कापसाची गंजी आढ्याला टेकली होती आणि तिच्यापुढं उरलेल्या जागेत दोन पाट मांडले होते. माणसं म्हणजे सदाशिवराव, विमलचा भाऊ, नवरदेव आणि त्याचा चुलता. शिवाय लग्न लावायला जातीतला एक म्हातारा, कारण भटजींनी येतो म्हणून सांगून ऐनवेळी अंग काढलं होतं. शेजारच्या बाया भिंतीवरून पाहत होत्या, पण बोलावूनही एकसुद्धा आत आली नाही.

नवरदेव घनश्याम वणीकडचा, राजूरच्या कोळसा खाणीत कामाला. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, घरी दोन लेकरं आणि म्हातारी आई. माणूस वाईट नव्हता, असं नेमसिंग नेहमी म्हणायचा. खाली मान घालून बसला होता, मधून मधून खोकत होता आणि कोणी काही विचारलं की आधी चुलत्याकडे पाहत होता. त्याला त्याच्या लेकरांसाठी आई पाहिजे होती. पण त्या आईचं स्वतःचं लेकरू सोबत नको, असं त्याच्या आईनं बजावून पाठवलं होतं. आणि सदाशिवरावांच्या घरीही पुंडलिकची एवढी एकच खूण उरली होती, ती द्यायला रुक्माबाई तयार नव्हती. दोन्ही घरांचं एकमत झालं. विमलला कोणी विचारलं नाही.

नेमसिंग आंगणात स्टँड उभा करत होता तेव्हा विमल माजघराच्या दारात आली. कासारणीनं नुकत्याच हिरव्या बांगड्या भरल्या होत्या आणि मनगट लाल झालं होतं. पोरगी तिच्या कडेवर होती. अडीच-तीन वर्षांची असेल, आईच्या नव्या बांगड्यांशी खेळत होती.

"भाऊ," विमल हळूच म्हणाली, "माहा अन् शीलाचा एक काढता का? दोघीचाच?"

"काढतो ना ताई. आधी सगळ्याइचा होऊ द्या, मंग तुमचा काढतो."

हे शब्द त्याला पुढे फार डाचले. आधी तिचाच काढला असता तर झालं असतं. पण धंद्याची रीत त्याच्या अंगात मुरली होती, आधी लग्नाचा फोटो आणि मग बाकीचे.

लग्न लागायला वेळ लागला नाही. मंगलाष्टकं नव्हती. म्हाताऱ्यानं दोघांच्या पदराला गाठ मारली, घनश्यामनं कुंकू लावलं आणि काळी पोत बांधली. पोतीचा फासा त्याला बसेना, शेवटी विमलनंच हात मागं नेऊन तो बसवला. सदाशिवरावांनी तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. भिंतीवरच्या बायांपैकी कोणीतरी फस्सकन हसलं. सदाशिवरावांनी तिकडे मान वळवली नाही.

रुक्माबाई सगळा वेळ आत चुलीपाशी होती. फोटोसाठी सगळे आंगणात आले तेव्हा सदाशिवरावांनी तिला हाक मारली. उत्तर नाही. ते आत जाऊन आले.

"घरात नाही. पोरीले घेऊन मागच्या दारानं गेली."

"कुठं गेली?" विमलनं विचारलं.

"असन गोठ्यात. येईन. तू उभी राह्य."

नवरदेवाचा चुलता घाई करत होता, गाडी जुंपून तयार होती. नेमसिंगनं सगळ्यांना कापसाच्या गंजीपुढं ओसरीच्या पायरीवर उभं केलं, कारण तिथं पांढऱ्या कापसावरून उजेड चांगला पडत होता. नवरीचा बाप जिथं उभा राहतो तिथं सदाशिवराव जाऊन उभे राहिले, फेटा नीट केला, छाती काढली. नेमसिंग काळ्या फडक्याआड गेला, काच सारखी केली, फोटोची काचेची प्लेट बसवली आणि बाहेर येऊन भिंगावरच्या झाकणाला हात घातला.

"आता कोणी हलू नका. तीन म्हणेपर्यंत."

त्यानं झाकण काढलं. "एक" म्हटलं आणि घरामागून पोरीचा आवाज आला. "आई वं!"

विमलची मान वळली.

नेमसिंगनं झाकण लावलं. फोटो बिघडला हे त्याला कळलं होतं. "ताई, अजून एक प्लेट आहे. परत काढतो."

विमल गोठ्याच्या दिशेनं दोन पावलं गेली होती. तिच्या भावानं तिचा दंड धरला. "आता जाशीन तं पोरगी अजून रडन," तो म्हणाला. "निघून चाल." चुलता म्हणाला, उन्हं कलायच्या आत मोटारीपर्यंत पोचलं पाहिजे. घनश्याम एवढंच म्हणाला, "जाऊन येऊ द्या ना तिले." पण ते त्यानं इतकं हळू म्हटलं की नेमसिंगशिवाय कोणी ऐकलं नसावं.

"राहू द्या भाऊ, दुसरा नको," विमल नेमसिंगला म्हणाली. सदाशिवरावांच्या पाया पडली. ती वाकली तेव्हा सदाशिवरावांना पहिल्यांदा रडू कोसळलं. गाडीत बसल्यावर तिनं नेमसिंगला जवळ बोलावलं. "तुमी बोरीच्या बाजाराले येत असता. जमलं तं शीलाचा एक काढून ठेवजा. मी मागवून घेईन."

"ठेवतो," नेमसिंग म्हणाला. गाडी गेली. गोठ्यातून पोरीचं रडणं चालूच होतं.

त्या संध्याकाळी त्यानं प्लेट धुतली आणि दुसऱ्या दिवशी उन्हात कागदावर फोटो उतरवून मला दाखवला. सगळे लख्ख आले होते. घनश्यामच्या सदऱ्याची बटणं दिसत होती, सदाशिवरावांच्या फेट्याची घडी न् घडी दिसत होती. आणि मधोमध विमलच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धूर फिरल्यासारखं. बारीक पेन्सिलीनं काचेवरचे डाग-बिग तो सुधारायचा, त्यात त्याचा हात चांगला होता. मी म्हटलं, "सुधारून टाक ना."

"काय सुधारू? नाकडोळे माह्या मनचे काढले तं ते विमलताईचे होतीन का?"

फोटो द्यायला तो बोरीला गेला. सदाशिवरावांनी तो ओसरीत बसून बराच वेळ पाहिला. नेमसिंगनं माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "बराबर आला आहे. त्या दिवशी ती अशीच होती." मग ते वावराकडे निघून गेले.

रुक्माबाई पायरीवर सुपात तूर पाखडत होती. नेमसिंगनं मन घट्ट केलं. पोरीचा फोटो बाजारात लपूनछपून काढता आला असता. शाळेसमोर, झाडाखाली, कुठंही. पण आपल्या पोरीच्या वेळी त्यानं याडीचं ऐकलं होतं. घरातल्या म्हातारीला चोरून हे काम करावं असं त्याला वाटेना.

"काकू, एक मागणं आहे."

"फोटोचंच असन."

"हो. शीलाचा एक. विमलताईले द्यासाठी."

रुक्माबाईनं सूप खाली ठेवलं नाही. "लोक म्हणते, रुक्माबाई फोटोले भेते. भेत होती मी. पुंडलिक गेला तवा तुले लय बोलली. पण आता त्याच फोटोपुढं रोज दिवा लावते ना? फोटोनं माणूस मरत नाही, एवढं समजते मले."

"मंग काहून नाही म्हणता?"

सूप थांबलं. "पुंडलिकचा फोटो घरात आहे, म्हणून मी मसणाच्या रस्त्याकडे पाहत नाही. इथंच पाहून घेते. विमलले पोरीचा फोटो भेटला तं तीबी तिथंच पाहून घेईन. मंग बोरीले कोण येईन? भूक राहू दे तिची. भूक असली की माणूस येते."

रुक्माबाईनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला. निघताना म्हणाली, "त्या दिवशी पोरीले गोठ्यात नेलं ते तिचे हाल नको म्हणून नेलं. आई जातानी पाहते अन् मंग झोपत नाही लेकरू. मले काय माहीत ती तवाच आवाज देईन."

आणि रुक्माबाईचं म्हणणं काही दिवस खरं ठरलं. त्या दिवाळीला विमल आली. पोरगी आधी ओळख विसरल्यासारखी आजीच्या लुगड्यामागं लपली, मग संध्याकाळपर्यंत आईच्या मांडीवरून उठेना. पुढच्या पोळ्यालाही विमल आली, तेव्हा तिला दिवस गेले होते. दारव्ह्याला मोटार बदलताना ती नेमसिंगच्या दुकानासमोर थांबली. "फोटो काढला का, भाऊ?" नेमसिंगनं खाली पाहत नाही म्हणून सांगितलं. काकू काढू देत नाही, असं काही तो बोलला नाही. विमल "बरं" म्हणाली आणि गेली.

त्यानंतर ती आली नाही. मूल झालं, मग दुसरं झालं. राजूरहून येणं सोपं नव्हतं आणि नव्या सासूला तिचं बोरीला जाणं पहिल्यापासून खपत नव्हतं. सणामागून सण गेले. पोळ्याच्या दिवशी रुक्माबाई पोरीची वेणी घालून तिला मोटारीच्या रस्त्यावर घेऊन उभी राहायची, हे बोरीच्या लोकांनी आम्हाला सांगितलं. पुढे पुढे पोरगीच म्हणायला लागली, "आजी, चाल ना घरी."

बासष्टच्या हिवाळ्यात एका बाजाराच्या दिवशी रुक्माबाई आमच्या दुकानात आली. पुंडलिकच्या वेळी बोट दाखवून गेली, त्यानंतर ती त्या रस्त्याला फिरकली नव्हती. सोबत सत्यशीला, उंच झालेली, काटकुळी, पुढचे दात नवे आलेले. मी तिला फ्रॉक शिवून दिला. फ्रॉक अंगात घालून दोघी शेजारी गेल्या.

"काढ," रुक्माबाई नेमसिंगला म्हणाली.

"काकू, तुमी तं म्हणत होत्या..."

"भुकेनं नाही आली. आता फोटो पाहून तरी येईन ती."

नेमसिंगनं पोरीला खुर्चीवर बसवलं. हस म्हटलं तर ती हसेना. "आई दूर असते तं हसासारखं काय आहे?" तिनं विचारलं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. नेमसिंगनं तसाच फोटो काढला. रुक्माबाई म्हणाली, टपालानं धाडू नको, तिथं कोणाच्या हाती पडन काय माहीत. म्हणून तो स्वतः निघाला. यवतमाळ, तिथून वणी, आणि पुढे वाळक्या पायानं चालत राजूरपर्यंत.

खाणीच्या मजुरांच्या खोल्या एका रांगेत होत्या. वाळत घातलेल्या कपड्यांवरही कोळशाची भुकटी बसली होती. विमल दारातच भेटली, कडेवर तान्हं. मागून एक मोठा पोरगा "आई, कोण आहे?" म्हणत आला, तो घनश्यामचा पहिला. "बोरीकडचे पाहुणे आहे, चहा ठेवाले सांग बहिणीले," म्हणून तिनं त्याला आत पाठवलं. सासू शेजारच्या खोलीत गेली होती.

नेमसिंगनं फोटो दिला. तिनं तान्ह्याला खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि मग तो धरला. खूप वेळ पाहत राहिली.

"हे शीला आहे?"

"हो ताई."

"बापासारखीच दिसते." मग म्हणाली, "मी अजून तेवढीच समजत होती. कडेवर बसन एवढी." तिनं फोटोतल्या फ्रॉकच्या बाहीवर बोट फिरवलं. कोणी शिवला विचारलं, नेमसिंगनं माझं नाव सांगितलं. शाळेत जाते का? जाते. काकूचे गुडघे? दुखतेच. काकाजी? बरे आहे.

मग तिनं फोटो परत त्याच्या हातात दिला.

"घेऊन जा, भाऊ."

"ताई, तुमच्यासाठीच आणला आहे."

"इथं ठेवला तं हे लेकरं इचारतीन, कोण आहे म्हणून. ते सांगता येईन मले कसंबी." ती दारातल्या राखेकडे पाहत होती. "पण मी रोज पाहीन. रोज पाहिलं तं मले इथं राहता येणार नाही. अन् आता राहणं तं इथंच आहे."

आतून पोरगा चहा घेऊन आला. नेमसिंगनं तो प्यायला आणि उठला. येत्या पोळ्याला याल का, हे विचारायचं त्यानं टाळलं.

परत येताना वाटभर त्यानं विचार केला, म्हणे, की बोरीला काय सांगायचं. आईनं पोरीचा फोटो ठेवून घेतला नाही, हे आजीला आणि पोरीला सांगायला त्याची जीभ रेटेना. तिचं कारण तिच्या तोंडून ऐकलं तर समजत होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते नुसतं नकारासारखं लागलं असतं. म्हणून रुक्माबाईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ठेवून घेतला. ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत ठेवला."

सत्यशीला खांबाला धरून उभी होती. "आई काय म्हणे?"

"म्हणे, मोठी झाली."

पोरगी खुश होऊन बाहेर पळाली. रुक्माबाईनं विचारलं, "अन् येते म्हणे का?"

नेमसिंग पिशवीचा बंद आवळत राहिला. रुक्माबाईनं मान हलवली. तिला तिचं उत्तर मिळालं होतं. "मले माहीत होतं. फोटो भेटला ना, आता कायले येईन? माह्याच हातानं पाठवला मी."

नेमसिंगला तिथंच खरं सांगून टाकायचं होतं, असं तो मला म्हणाला. फोटो ह्या पिशवीत आहे, तुमच्यामुळं काही झालं नाही, असं. पण खरं सांगावं तर पोरीला कळणार. न सांगावं तर म्हातारी स्वतःला दोष देत बसणार. तो हो-नाही करत उठला आणि दारव्ह्याला आला. पुढे दर बाजाराला तो म्हणायचा, "आज सांगून येतो." मी म्हणायचो, "सांगून टाक बाबा." बोरीला जायचा आणि न सांगता यायचा. म्हातारी प्रत्येक वेळी तेच बोलायची, माह्याच हातानं पाठवला.

चौसष्टमध्ये रुक्माबाईला लकवा मारला. अर्धं अंग गेलं, बोलणं गेलं. हे कळलं त्या दिवशी नेमसिंग दुकान उघडं टाकून बोरीला गेला. ती खाटेवर होती, डोळे उघडे, पण समोर कोण आहे ते तिला कळत नव्हतं. त्यानं बाहेर ओसरीत येऊन सदाशिवरावांना सगळं सांगितलं आणि फोटो त्यांच्यापुढं ठेवला.

सदाशिवराव रागावले नाहीत. "राहता येणार नाही म्हणे?" त्यांनी विचारलं.

"हो, काकाजी."

"म्हणजे इतके दिवस झाले, अजून तिचं मन तिथं बसलं नाही." त्यांनी फोटो हातात घेतला. "मी चांगलं करून राह्यलो असं वाटलं होतं मले, नेमसिंग. लोकाइले दाखवाले निघालो होतो."

"चांगलंच केलं तुमी."

"कोणाचं?"

मग त्यांनी सत्यशीलाला बोलावून फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो उलटा-सुलटा करून पाहिला. "हा तं आईपाशी होता ना?" आता ती काही लहान नव्हती. तिनं परत विचारलं नाही. फोटो घेऊन आत गेली आणि आजीला पाणी पाजायला बसली.

रुक्माबाई त्याच वर्षी दिवाळीनंतर वारली. निरोप राजूरला पोचायला वेळ लागला. विमल तेरवीच्या दिवशी आली, घनश्यामही आला होता. तीन दिवस राहून ते परत निघाले. घनश्याम तिकिटाकडे गेला होता आणि विमल दारव्ह्याच्या मोटार स्टँडवर गाठोड्यावर बसली होती. नेमसिंगला ती दुरून दिसली. तो तिकडे निघाला, मीही त्याच्या मागे गेलो.

"शीला बोलली का, ताई?" त्यानं विचारलं.

विमलच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडून झालेल्या माणसासारखा तिचा चेहरा कोरडा होता. "बोलली ना. चहा देल्ला, आंघोळीले पाणी तापवून देल्लं. निघतानी पाया पडली." मग ती म्हणाली, "पाहुण्याच्या पडते तशी."

"लेकरू आहे ताई. रागावलं असन."

"रागावली असती तं बरं झालं असतं."

यवतमाळची मोटार आली. घनश्यामनं गाठोडं टपावर चढवलं. चढताना विमलनं मागं वळून सांगितलं, काकाजी एकटे आहे, बाजाराले गेले की त्याइच्याकडे जात जा. नेमसिंग "जातो" म्हणाला. आणि त्यानं ते पाळलं. त्याचं दुकान पुढे बसलं. बाजारात चकचकीत दिवा लावून फोटो काढणारा नवा माणूस आला आणि लोक तिकडे जाऊ लागले. नेमसिंग जमनीला घेऊन तांड्यात राहायला गेला. तिथून बोरी जवळ. तेव्हा तर तो दर बाजाराला सदाशिवरावांच्या ओसरीत जाऊन बसायचा. सत्यशीला चहा आणून ठेवायची, आणि तो आईचं काही सांगेल म्हणून कप रिकामे होईपर्यंत दारात उभी राहायची.